बोस्टनच्या स्टेट हाऊसची फुकट टूर, लाकडी मासा आणि सासऱ्यांना पडलेलं गव्हर्नरांचं कोडं (५ पैकी साडेचार स्टार)

सासू-सासरे सहा महिन्यांसाठी आलेत. व्हेल बघून झाले, हार्वर्डच्या पुतळ्याच्या चकचकीत बुटाला हात लावून झाला, मॉल तर तीनदा झाले. आता काय दाखवायचं म्हणून मी एका गुरुवारी सुट्टी टाकली आणि त्यांना बोस्टनच्या स्टेट हाऊसची, म्हणजे मॅसॅच्युसेट्स राज्याच्या विधानभवनाची, गाईडेड टूर करून आणली. फुकट आहे, हे आधी सांगून टाकते. शनिवार-रविवारी नसते, त्यामुळे ऑफिसला दांडी मारावी लागते तेवढा खर्च.

गाडी नेऊ नका. आम्ही जवळच्या एका पार्किंगमध्ये लावली, बाहेर बोर्डावर एक रेट आणि निघताना मशीनवर भलताच, आणि भांडायला समोर माणूसच नाही. ट्रेनने या, पार्क स्ट्रीटला उतरा, बोस्टन कॉमन या बागेच्या कडेने थोडा चढ चढला की सोन्याचा घुमट समोर दिसतोच. आईंना तो बघून लगेच आपल्याकडच्या देवळाचा कळस आठवला आणि पहिला प्रश्न, "खरं सोनं आहे का गं?" हो, खरा सोन्याचा वर्ख आहे, २३ कॅरेटचा. आधी लाकडी होता, मग पॉल रिव्हिअरच्या कंपनीने तांब्याने मढवला आणि १८७४ मध्ये सोनं चढलं.

आत एअरपोर्टसारखं चेकिंग होतं, पाण्याच्या बाटल्या वगैरे बघतात, पण लोक हसून बोलतात. आमची गाईड सत्तरीची एक व्हॉलंटियर बाई होती, पगार नाही काही नाही, आणि एवढी हौस की बाबांचे गुडघे बघून तिने आपणहून लिफ्टचा रस्ता धरला. डोरिक हॉल झाला, झेंड्यांचा हॉल झाला, मग खालच्या सभागृहात छताला टांगलेला तो लाकडी मासा. जवळपास पाच फुटी कॉड! या राज्याचं सुरुवातीचं पोट माशांच्या धंद्यावर चाललं म्हणून १७८४ पासून तो मासा यांच्यासोबत आहे. १९३३ मध्ये हार्वर्डच्या पोरांनी तो पळवला होता आणि कामकाज सोडून सगळे मासा शोधत फिरले. आईंना टूरमधला हाच भाग सगळ्यात आवडला. मला मात्र पुढचा.

पुढचा म्हणजे माजी गव्हर्नरांची चित्रं. बाबा एकेका चित्रासमोर थांबणार, खालची पाटी वाचणार आणि मला पक्ष विचारणार. ३० वर्षं जिल्हा परिषदेत नोकरी केलेला माणूस, त्यांना पक्ष कळल्याशिवाय चेहराच दिसत नाही. वेल्ड? रिपब्लिकन. सेलुची? रिपब्लिकन. जेन स्विफ्ट? रिपब्लिकन. रॉम्नी? तोही. (रॉम्नीचं चित्र नक्की बघा, टेबलाच्या कडेला टेकलाय, बाजूला बायकोचा फोटो आणि आरोग्य विम्याच्या कायद्याची प्रत.) आता बाबा थांबले. "अगं, तू तर म्हणतेस हे राज्य म्हणजे डेमोक्रॅटांचा बालेकिल्ला, मग दिल्लीने हे राज्यपाल पाठवले की काय?"

तर आधी राज्यपाल या शब्दाचा घोळ निस्तरला. इथला गव्हर्नर वॉशिंग्टनहून येत नाही, लोक थेट निवडून देतात, म्हणजे आपला मुख्यमंत्रीच समजा, फक्त आमदारांच्या पाठिंब्यावर उभा नसलेला. पण त्याने त्यांचा प्रश्न सुटला नाही, उलट वाढला. गाईड बाई गोड हसून पुढे सरकली, त्यांना राजकारणावर बोलायचं नसतं बहुतेक, बरोबरच आहे. मग बाहेर कॉमनच्या बाकावर पोळी-भाजीचा डबा उघडून उरलेली टूर मी घेतली.

आकडे खरंच मजेशीर आहेत. मॅसॅच्युसेट्सने राष्ट्राध्यक्षासाठी रिपब्लिकन माणसाला शेवटचं निवडलं ते १९८४ मध्ये, रेगनला. अमेरिकेच्या खालच्या सभागृहात इथून जाणारे सगळेच्या सगळे १९९७ पासून डेमोक्रॅट. आणि तरीही १९९१ ते २०२३ या ३२ वर्षांतली २४ वर्षं गव्हर्नर रिपब्लिकन! मध्ये फक्त डेव्हल पॅट्रिकची आठ वर्षं.

बाबा म्हणाले लोक गोंधळलेले असणार. म्हटलं नाही हो बाबा, मीच त्यातली एक आहे. नागरिकत्व मिळाल्यावर माझं पहिलं मोठं मतदान २०१८ चं. इथे कागदाची मतपत्रिका असते, शाळेतल्या परीक्षेसारखे गोल काळे करायचे. मी सिनेटला (वॉशिंग्टनमधलं वरचं सभागृह) एलिझाबेथ वॉरन, म्हणजे डेमोक्रॅटांमधलीही डावीकडची, आणि गव्हर्नरला चार्ली बेकर, रिपब्लिकन, दोन्ही गोल एकाच पेनाने काळे केले आणि रात्री मस्त झोप लागली. निकाल आला तर वॉरनला ६० टक्के आणि बेकरला ६७! त्याच कागदावर ट्रान्सजेंडर लोकांच्या हक्कांचा कायदा ठेवायचा का असाही प्रश्न होता, त्याला हो म्हणणारे ६८ टक्के. तो कायदा २०१६ मध्ये सही करून आणला कोणी, तर याच बेकरने. मग सांगा गोंधळ कुठे आहे?

मुळात इथून निवडून येणारा रिपब्लिकन हा टीव्हीवर दिसतो तसला नसतो. १९९० मध्ये वेल्ड उभा राहिला तेव्हा तो गर्भपाताच्या हक्काच्या बाजूने, समलिंगी लोकांच्या बाजूने आणि फक्त खर्चाच्या बाबतीत कंजूस. समोर डेमोक्रॅटांनी दिला जॉन सिल्बर, बोस्टन युनिव्हर्सिटीचा प्रेसिडेंट, तोंडाचा फटकळ आणि सामाजिक बाबतीत वेल्डपेक्षाही जुन्या वळणाचा. राज्याची तिजोरी रिकामी, मावळता डेमोक्रॅट गव्हर्नर ड्युकाकिसवर लोक चिडलेले. कितीतरी उदारमतवादी मंडळींनी नाक न दाबता वेल्डला मत दिलं.

आणि आता माझा आवडता पुरावा. १९९४ मध्ये याच वेल्डला लोकांनी ७० टक्क्यांहून जास्त मतं देऊन परत गव्हर्नर केलं. दोनच वर्षांनी तो सिनेटला उभा राहिला, डेमोक्रॅट जॉन केरीच्या समोर. पडला! तोच माणूस, तेच मतदार, तेच हसू. रॉम्नीचंही तेच, १९९४ ला सिनेटसाठी डेमोक्रॅट टेड केनेडीकडून आपटला, २००२ ला गव्हर्नर म्हणून आला, आणि २०१२ ला राष्ट्राध्यक्षपदाला उभा राहिला तेव्हा याच राज्यात त्याला ४० टक्केसुद्धा मिळाले नाहीत. वॉशिंग्टनला पाठवलेला माणूस तिथल्या पक्षाची संख्या वाढवतो, न्यायाधीश ठरवतो, तिथे आम्हाला रिस्क नको असते. घरच्या कामाला मात्र हिशेबनीस लागतो. (रिपब्लिकन स्कॉट ब्राउन २०१० च्या पोटनिवडणुकीत सिनेटला जिंकला, तेही केनेडीच्या जागेवर, हे मला माहितीय, कमेंटमध्ये नका सांगू. दोन वर्षांत वॉरनने घरी पाठवला.)

दुसरं कारण बाबांना चटकन पटलं, कारण ते झेडपीतलं आहे. एकाच पक्षाकडे सगळ्या समित्या आणि सगळे सभापती गेले की बिलं कशी पास होतात हे त्यांना मी काय सांगणार. इथल्या राज्याच्या खालच्या सभागृहात १६० जागा, राज्याच्या सिनेटमध्ये ४०, आणि दोन्हीकडे डेमोक्रॅट दोन तृतीयांशाच्या कितीतरी वर. एवढी सत्ता असली की काय होतं तर खालच्या सभागृहाचे लागोपाठ तीन स्पीकर, फ्लॅहर्टी, फिनरन आणि डिमासी, वेगवेगळ्या प्रकरणांत गुन्हेगार ठरले. पहिल्या दोघांनी गुन्हा कबूल केला, तिसऱ्याला ज्युरीने दोषी ठरवलं. हे बघितलेल्या माणसाला वाटणारच की कोपऱ्यातल्या ऑफिसात दुसऱ्या पक्षाचा एक डोळा असावा. (गव्हर्नरच्या ऑफिसला इथे खरंच 'कॉर्नर ऑफिस' म्हणतात.)

आणि त्या डोळ्याला दात नसतात, हे तर फारच सोयीचं. गव्हर्नरने व्हेटो मारला तरी दोन तृतीयांश आमदार तो उडवून लावतात. २०२० च्या डिसेंबरमध्ये गर्भपाताचे हक्क वाढवणारा कायदा बेकरने अडवला, त्याच महिन्यात आमदारांनी व्हेटो मोडून तो पास केला. २०२२ मध्ये कागदपत्रं नसलेल्या स्थलांतरितांना ड्रायव्हिंग लायसन्स द्यायच्या कायद्याचं तेच झालं. रॉम्नीने २००६ मध्ये विम्याच्या कायद्यावर सही तर केली, शेजारी टेड केनेडी उभा, पण काही कलमं वगळली, ती सगळी आमदारांनी परत घातली. आता जो कायदा तो चित्रात बाजूला घेऊन बसलाय तो पूर्ण त्याच्या मनासारखा नाहीच. म्हणजे आम्ही रिपब्लिकन निवडतो ते त्याला पाहिजे ते करू द्यायला नाही. तो फक्त "एवढे पैसे कशाला?" असं विचारेल, बास. घर सुनेचं आणि किराणाच्या बिलावर नजर सासूची. (हे मी आईंसमोर म्हणाले, त्या हसल्या, पण जरा उशिराने.)

बेकर म्हणजे अगदी त्याच साच्यातला, वेल्डच्या काळात आरोग्य आणि मग अर्थखातं बघितलेला, नंतर एक विमा कंपनी चालवलेला, बोलणं कंटाळवाणं, आणि लोकांना तेच हवं होतं. २०१५ च्या जानेवारीत खुर्चीवर बसला आणि लगेच बोस्टनवर १०० इंचांहून जास्त बर्फ पडला, ट्रेन ठप्प, हा रोज टीव्हीवर आकडे घेऊन हजर. पण म्हणून सगळं गोड नाही हां. आठ वर्षं मिळूनही ट्रेनचं दुखणं गेलं नाही, २०२२ च्या ऑगस्टमध्ये पूर्ण ऑरेंज लाईन ३० दिवस बंद ठेवावी लागली. चांगला मॅनेजर म्हणून निवडलेल्या माणसाला मॅनेजमेंटचेच मार्क कमी द्यावे लागतात, त्याचा मला अजून राग आहे.

बाबा म्हणाले मग परत येईल का असला कोणी? मला नाही वाटत, निदान लवकर नाही. हे गणित चालायचं तर रिपब्लिकन पक्षानेच असला माणूस उभा करायला हवा ना. बेकरने ट्रम्पला मत दिलं नाही आणि लपवलंही नाही, पक्षातल्या कट्टर लोकांना तो खुपायला लागला, २०२२ ला तो उभाच राहिला नाही. प्राथमिक फेरीत पक्षाने ट्रम्पचा पाठिंबा असलेला जेफ डील निवडला, आणि डेमोक्रॅट मॉरा हिलीने त्याला जवळपास ३० टक्क्यांनी लोळवला. तेच मतदार. इथले निम्म्याहून जास्त मतदार कुठल्याच पक्षात नाव नोंदवत नाहीत, त्यांना झेंड्याचं काही पडलेलं नाही, पण फरक कळतो. व्हर्माँटमध्ये रिपब्लिकन गव्हर्नर फिल स्कॉट २०२४ लाही निवडून आला कारण तो तसाच आहे, २०२० ला बायडनला मत दिलं म्हणून सांगितलं त्याने. मेरीलँडच्या रिपब्लिकन लॅरी होगनला लोकांनी दोनदा गव्हर्नर केलं आणि २०२४ ला सिनेटला गेला तर पाडला, वेल्डसारखाच. उलटंही होतं, रिपब्लिकनांचे बालेकिल्ले असूनही कॅन्ससने लॉरा केलीला आणि केंटकीने अँडी बेशिअरला दोन-दोनदा निवडलंय, दोघंही डेमोक्रॅट.

बाबांनी शेवटची पोळी संपवली आणि म्हणाले, "म्हणजे दिल्लीसारखंच की. २०१९ ला लोकसभेच्या सातही जागा भाजपला, आणि आठ-नऊ महिन्यांत विधानसभेला ७० पैकी ६२ केजरीवालला." एवढा वेळ मी बोलत होते आणि यांनी दोन ओळीत संपवलं.

अर्धा स्टार कापलाय तो फक्त माझ्या गुरुवारच्या सुट्टीसाठी. जाल तेव्हा डोरिक हॉलमधला मधला मोठा दरवाजा कुठला ते विचारून घ्या, तो एरवी बंद असतो, राष्ट्राध्यक्ष आले किंवा मावळता गव्हर्नर शेवटचा बाहेर पडला तरच उघडतात. तो एकटा पायऱ्या उतरून गर्दीत जातो आणि त्या क्षणापासून साधा नागरिक. आईंनी तिथे फोटो काढून घेतला. बाबांनी रॉम्नीच्या चित्राशेजारचा स्वतःचा फोटो निवृत्तांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं "येथील माजी राज्यपालांसोबत". त्यांच्या ऑफिसातल्या एका जुन्या मित्राचा पाच मिनिटांत रिप्लाय: "कोणी नेमले होते?"