व्हॅक्यूम पॅकचं मटण-चिकन गोव्यात वापरताना : वासावरून काय कळतं आणि काय कळत नाही

गेल्या मासेबंदीपासून आमच्या घरी व्हॅक्यूम पॅकचं मांस येऊ लागलं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटी बंद, बाजारात मासळी तुरळक आणि महाग. त्यामुळे फोंड्यातली आमच्यासारखी बरीच घरं तेव्हा मटण-चिकनकडे वळतात. श्रावण सोडला तर तेव्हापासून नियमित मागवतेय. पावसाळ्यातली लाईटची ये-जा आणि मे महिन्याची काहिली, दोन्ही या पाकिटांनी माझ्याकडे पाहिली आहेत, म्हणून आता सविस्तर लिहितेय.

आधी वासाचंच सांगते, कारण पाकीट फोडल्यावर घाबरायला होतं ते वासामुळे. मटणाची पिशवी मांसाला घट्ट चिकटलेली असते, आतला रंग जांभळट काळपट, तळाशी थोडं लालसर पाणी. कात्रीने कोपरा कापला की आंबूस, कोंदट भपका येतो. सासूबाई पहिल्यांदा ओट्यापाशी होत्या, त्या लगेच म्हणाल्या, "घाण येता गो, नाका तें." त्यांचा अनुभव ताज्या मटणाचा. सकाळी बाजारात डोळ्यांसमोर कापून घ्यायचं, दुपारी शागोती, म्हणजे मटणाचा मसालेदार रस्सा. त्या मांसाला असा वास कधीच येत नाही, म्हणून त्यांना तो कुजल्याचाच वाटला.

पण हा वास बहुतेक वेळा कुजल्याचा नसतो. पिशवीतली हवा काढली की प्राणवायूवर वाढणारे, मांस लवकर नासवणारे जीवाणू मागे पडतात आणि त्यांच्या जागी लॅक्टिक आम्ल तयार करणारे जीवाणू वाढतात. दही लावणारे जीवाणू याच गोतावळ्यातले. त्यांचा आंबूसपणा बंद पिशवीत साठून राहतो आणि फोडल्याबरोबर एकदम बाहेर येतो. काळपट रंगाचंही तसंच. मांसाला लाल रंग देणारं मायोग्लोबिन हवा नसली की जांभळट दिसतं, हवा लागली की पुन्हा लाल होतं. आणि तळाचं पाणी रक्त नसतं, मांसातलंच पाणी आणि तेच मायोग्लोबिन असतं.

म्हणून पाकीट फोडलं की मी पाणी ओतून देते, तुकडे कागदी रुमालाने टिपते, ताटात एका थरात पसरते आणि ताट फ्रिजच्या सर्वांत खालच्या कप्प्यात ठेवते. ओट्यावर नाही, आपल्या हवेत तर नाहीच. नळाखालीही धुवत नाही, विशेषतः चिकन. उडालेल्या थेंबांबरोबर त्यातले जीवाणू सिंकभर, शेजारच्या कोथिंबिरीवरही जातात. पंधरा मिनिटं ते अर्धा तास गेला की पुन्हा नाक लावते. मटण तोवर वरून लालसर झालेलं असतं आणि आंबूसपणा जवळजवळ गेलेला असतो. तो गेला की मांस नासलेलं नाही, एवढं कळतं.

वास उरला, वाढला, किंवा सडक्या अंड्यासारखा, अमोनियासारखा, गुळचट कुबट आला, बोटांना तार सुटल्यासारखं बुळबुळीत लागलं, कुठे हिरवट झाक दिसली, तर ते सरळ फेकायचं. व्हिनेगर, हळद, लिंबू लावून वास मारायचा खटाटोप करू नये. काही जीवाणूंनी आधीच तयार करून ठेवलेलं विष शिजवूनही जात नाही. फुगलेली पिशवी तर फोडूसुद्धा नये. आत वायू तयार झाला आहे, म्हणजे जे वाढू नये ते वाढलं आहे. नुसती सैल झालेली पिशवी वेगळी. मटणाच्या हाडाच्या टोकाने बारीक भोक पडून हवा शिरलेली असते. घेतानाच मी प्लॅस्टिक चिमटीत ओढून बघते. मांसापासून सहज सुटलं तर ते पाकीट घेत नाही.

चिकनच्या बाबतीत नाकाला इतकी सूट देऊ नये. त्यालाही फोडताना हलकासा अंड्यासारखा वास येऊ शकतो आणि तो काही मिनिटांत जातो, पण चिकन मटणापेक्षा पुष्कळ लवकर बिघडतं. त्यातही तंगडी-मांडी छातीच्या मांसाच्या आधी जाते, कारण ते मांस कमी आम्लधर्मी असतं. शंका आली की चिकन मी ठेवत नाही.

आता माझी खरी तक्रार. मे महिन्यात एका घरपोच कंपनीचं पार्सल भर दुपारी आलं. बर्फाच्या थैल्या पार पाणी झालेल्या, पाकिटं हाताला कोमट. दोन पाकिटांच्या मध्ये स्वयंपाकाचा थर्मामीटर धरला तर १४ अंश. फोन केला तर पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "मॅडम, व्हॅक्यूम पॅकला असा वास येतोच, अर्धा तास उघडं ठेवा." मी वासाबद्दल एक शब्दही बोलले नव्हते! तिचं उत्तर खोटं नव्हतं, पण माझ्या प्रश्नाचं नव्हतं. साल्मोनेला किंवा लिस्टेरिया या आजारी पाडणाऱ्या जीवाणूंना वास नसतो. मांस किती वेळ कोमट राहिलं हे नाक सांगू शकत नाही. ५ ते ६० अंशांच्या मध्ये जीवाणू झपाट्याने वाढतात. कच्चं मांस बाहेर दोन तासांच्या वर नको आणि ३२ अंशांच्या वरच्या उकाड्यात एक तासाच्या वर नको, असा नियम आहे. शिवाय हवा नसलेली पिशवी हे बोटुलिझमच्या, म्हणजे जीवघेण्या अन्नविषबाधेच्या, जीवाणूला मानवणारं घर आहे, त्याला अडवते ती थंडीच. मी पार्सल परत पाठवलं. पैसे मिळाले, पण त्यासाठी बराच वाद घालावा लागला. वास निघून जातो ही खरी माहिती तुटलेल्या थंडीवर पांघरूण म्हणून वापरली जाते, याचा मला राग आहे.

तेव्हापासून फ्रिजमध्ये छोटा थर्मामीटर ठेवलाय. दारातल्या कप्प्यात आणि आत मागच्या बाजूला चांगलाच फरक दिसतो, म्हणून मांस कायम आत, मागे. लाईट गेली की दार उघडायचं नाही. बंद फ्रिज साधारण चार तास थंडी धरतो, भरलेला फ्रीझर दोन दिवसांपर्यंत. त्यापुढे फ्रिजमधल्या पाकिटाचा वास घेऊन ठरवत बसत नाही, टाकून देते. चिकन शिजवताना आत ७४ अंश झाले की नाही ते बघते. मासेबंदीत इसवणीचे (सुरमईचे) गोठवलेले तुकडे घेतले तर वितळायला ठेवण्याआधी पिशवी कापून उघडते, कारण मासळीतला बोटुलिझमचा प्रकार फ्रिजच्या थंडीतही वाढू शकतो.

बाजारभावापेक्षा महाग असूनही मटण मी यापुढे घेईन. तुकडे एकसारखे असतात, कोंदट वास उडाला की चवीत फरक जाणवत नाही, आणि सासूबाईही आता अर्धा तास थांबून स्वतः ताट बघायला येतात. चिकन मात्र नेहमीच्या दुकानातून कापून आणते. एप्रिल-मे मध्ये घरपोच काहीच मागवत नाही, दुकानाच्या चिलरमधून स्वतः उचलते, पॅकिंगची तारीख आणि परवाना क्रमांक वाचते आणि बर्फ घातलेल्या डब्यातून थेट घरी आणते. माझी जाऊ सध्या गरोदर आहे. ती आली की ताटातलं मटण कितीही चांगलं दिसलं तरी लिस्टेरियाच्या भीतीने तिच्यासाठी पॅकिंगला जास्त दिवस झालेलं पाकीट काढत नाही.