पुंता कानाचं ऑल इन्क्लुझिव्ह रिसॉर्ट आणि टिपांचा हिशेब

बेळगावात माझं छोटं हॉटेल आहे. सकाळी इडली-वडा, पुरीभाजी, दुपारी थाळी, असलं. गल्ल्यावर बसण्यातच जन्म गेला, त्यामुळं दुसऱ्याच्या हॉटेलात शिरलो की मी आधी टेबल पुसणाऱ्या पोराकडं बघतो, ताटाकडं नंतर. लेक-जावई न्यू जर्सीला असतात. त्यांनी आम्हा दोघांना डोमिनिकन रिपब्लिकमधल्या पुंता कानाला नेलं. नेवार्कहून चारेक तासांचं विमान. अमेरिकेचा चालू व्हिसा असला की तिथला वेगळा काढावा लागत नाही. रिसॉर्टचं नाव देत नाही. बावारोच्या किनाऱ्यावर अशी एकाला लागून एक आहेत, आणि मला सांगायचंय ते कुठल्याही रिसॉर्टला जाणाऱ्याच्या कामी येईल.

खोली ऐसपैस, समुद्र देखणा. सकाळी मात्र सार्गासम नावाचं तपकिरी शेवाळ वाहून येतं, माणसं पंजे घेऊन ते ओढत असतात. शाकाहारी माणसाचं भागतं: भात, बीन्सची रसदार उसळ, कच्ची केळी चेपून तळलेले तोस्तोनेस, कसाव्याची कडक भाकरी. तिसऱ्या जेवणाला हिनं पिशवीतून शेंगाचटणी काढलीच. वेस्ट इंडीजच्या बाजूला आलो म्हणून मी वेटरकडं क्रिकेटचा विषय काढला, तर त्याला सोबर्स ठाऊक नाही की लारा. इथं सगळा बेसबॉल. एवढ्यासाठी अर्धा तारा कापतो.

आता टिप. ऑल इन्क्लुझिव्ह म्हणजे राहणं, खाणं, पिणं सगळं आधीच भरलेलं, बिल म्हणून समोर येतच नाही. मग टिप कशावर द्यायची? जावईबापू म्हणाले, ‘‘बाबा, पैसे भरलेत, सोडा की.’’ लेक म्हणाली, ‘‘अमेरिकेत असं कुणी उठून जात नाही.’’ दोघांचंही मला पटलं नाही, म्हणून आमच्या टेबलाच्या वेटरलाच विचारलं. लेकीला कामापुरती स्पॅनिश येते.

तिथल्या कायद्यानं हॉटेलात बसून खाल्लेल्यावर दहा टक्के सेवेचे म्हणून लावावेच लागतात आणि ते कामगारांचे असतात. त्यावर १८ टक्के विक्रीकर. एका संध्याकाळी बाहेर गावात जेवलो तेव्हा बिलावर दोन्ही ओळी स्वच्छ छापलेल्या होत्या; हजार पेसोचं जेवण बाराशे ऐंशीला पडतं. एवढं होऊन कार्डाच्या मशीननं आणखी टिप किती म्हणून विचारलं. मी शून्य दाबलं. ज्याला अगदीच खूश होऊन द्यायचं असेल त्यानं रोख त्याच्या हातात द्यावं, मशीनच्या पोटात नको.

आपल्याकडं उलटं आहे. २०२२ च्या जुलैत ग्राहक प्राधिकरणानं सांगितलं की सर्व्हिस चार्ज बिलात आपोआप लावायचा नाही, आणि २०२५ च्या मार्चमध्ये दिल्ली उच्च न्यायालयानंही तेच उचलून धरलं. आमच्यासारख्यांनी तो कधी लावलाच नव्हता म्हणा. आमच्याकडं बडीशेपेच्या बशीत जे पडेल ते रात्री डब्यात जातं, आणि सप्लायर, क्लीनर, मोरीवरच्या बाया सगळ्यांत वाटलं जातं. दिवाळीची पोस्त वेगळी.

म्हणून माझा खरा प्रश्न मोरीवरच्यांचा होता. वेटर हसला. म्हणाला, जेवणाच्या हॉलमधलं आम्ही वाटून घेतो, बारवर मिळालेलं बारवाल्याचं. भांडी घासणाऱ्याला? त्यानं खांदे उडवले. पोहण्याच्या तलावातल्या बारवर काचेची बरणी ठेवलेली, दुपारपर्यंत डॉलरनं निम्मी भरते, कारण दुसऱ्या ग्लासानंतर माणूस उदार होतो. आणि तिकडं उन्हात शेवाळ ओढणाऱ्याकडं कुणी बघत नाही. सेवेला माझे पाच तारे आहेत, पण या वाटणीला दोन.

खोली आवरणाऱ्या बाईची गोष्ट बघा. पहिल्या दिवशी मी टीव्हीजवळ दोन डॉलर ठेवून गेलो. परत आलो तर टॉवेलचा हत्ती करून ठेवलेला, आणि दोन डॉलर जागच्या जागी, फक्त खालचं टेबल पुसून नोटा पुन्हा सरळ ठेवलेल्या. पाहुण्याचे विसरलेले पैसे उचलले असं होऊ नये म्हणून त्या हात लावत नाहीत. माझ्या हॉटेलात असली माणसं मिळाली तर मी गल्ला उघडा टाकून जेवायला जाईन. दुसऱ्या दिवशी लेकीनं चिठ्ठीवर ‘ग्रासियास’, म्हणजे धन्यवाद, असं लिहून नोटांसकट उशीवर ठेवलं, तेव्हा गेले.

हे रोजच्या रोज ठेवायचं. शेवटच्या दिवशी एकदम वीस डॉलर ठेवलेत तर ते त्या दिवशी कामावर असलेल्या बाईला मिळतील. आठवडाभर हत्ती करणारी सुट्टीवर. तिथं साधारण चाल अशी: खोलीला रोज दोन ते पाच डॉलर, सामान उचलणाऱ्याला बॅगेमागं एक-दोन, बारवर अधूनमधून एक, विमानतळावरून आणणाऱ्या ड्रायव्हरला दोन-पाच. बुफेत आपलं आपण वाढून घेतो, पण ताटं उचलणारा असतोच, त्याला विसरू नका. मी शेवाळवाल्यांनाही दिले. ही म्हणाली, ‘‘अहो, रुपयांत मोजा की जरा.’’ डॉलर नव्वदीच्या घरात, तिचंही चुकत नव्हतं.

सगळ्या कॅरिबियनमध्ये असंच आहे असं मात्र समजू नका. जमैकात सुरू झालेल्या सँडल्सच्या रिसॉर्टांत नोकरांनी टिप घ्यायचीच नाही असा नियम आहे, बटलर आणि स्पाचे लोक तेवढे वगळून. तिथं बळंच नोट कोंबलीत तर त्या पोराची नोकरी धोक्यात यायची. बुकिंग करतानाच विचारून घ्या.

आणि सुट्ट्यांचं. एक डॉलरच्या नोटांची गड्डी अमेरिकेतल्या बँकेतूनच घ्या, रिसॉर्टच्या काउंटरवर सकाळी सुटे मागणाऱ्यांची रांग असते. नाणी देऊ नका. अमेरिकेची नाणी तिथल्या बँका बदलून देत नाहीत, त्या बिचाऱ्याच्या खिशात ती नुसती खुळखुळत राहतात. पेसो दिलेत तरी चालतं, उलट त्याची बदलायची कटकट वाचते.