बिलावरचा 'स्टाइल' हा शब्द

पॅरिसमध्ये नऊ वर्षं राहतोय, फ्रेंच बऱ्यापैकी येतं, आणि लाकडातलं आपल्याला कळतं अशी माझी समजूत होती. साताऱ्याच्या घरी आजोबांचं शिसवी मेज होतं ना! शिसवाचा रंग दिसला की मी विरघळतो, हे त्या जुन्या फर्निचरच्या दुकानदारानं पाच मिनिटांत हेरलं असणार.

त्याच्याकडचं मेज देखणंच होतं. फ्रान्सचा राजा सोळावा लुई याच्या काळातली सरळ ठेवण, निमुळते पाय, कडांना सोनेरी ब्राँझच्या पट्ट्या, वर हिरवं चामडं. "अठराव्या शतकातलं," तो म्हणाला, आणि खालच्या फळीवरचा 'जे. एम. ई.' ठसा दाखवला. पॅरिसच्या सुतारांचा संघ माल तपासून हा ठसा मारायचा. संघ 1791 मध्ये मोडला, म्हणजे मेज त्याआधीचं. हा हिशेब मीच मोठ्या ऐटीत मांडला; त्यानं नुसती मान डोलावली. 5,200 युरो मोजले.

महिन्याभरात खण अडकायला लागला, म्हणून एका म्हाताऱ्या कारागिराला बोलावलं. त्यानं ठशाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. "ठसा काय, कुणीही मारतो." खण बाहेर काढून त्याची कड माझ्या नाकासमोर धरली. शिसवाचा थर जाड कागदाएवढा. अठराव्या शतकात व्हिनीअर, म्हणजे वरून चिकटवायचा लाकडाचा हा थर, हातकरवतीनं कापत, त्यामुळे ते चांगलं दीड-दोन मिलिमीटर भरतं. मग ब्राँझची एक पट्टी सोडवली. स्क्रूला अणकुचीदार टोक! जुने स्क्रू टोकाला बोथट असतात. पट्टीची पाठही तोंडासारखीच पिवळीधमक, विजेवर चढवलेला मुलामा. पारा वापरून सोनं चढवणारे कारागीर न दिसणाऱ्या पाठीवर सोनं कशाला खर्च करतील?

बिल घेऊन दुकानात गेलो. त्यानं अगदी अदबीनं एका शब्दावर बोट ठेवलं: 'स्टाइल लुई सेझ', म्हणजे सोळाव्या लुईच्या शैलीतलं. मी ते 'लुईच्या काळातलं' असं वाचलं होतं. फ्रान्समध्ये 1981 चा एक सरकारी आदेश आहे. त्याप्रमाणे 'स्टाइल' म्हटलं की काळाची काहीही हमी नाही. हमी हवी तर बिलावर 'एपोक' लागतं, म्हणजे त्या काळातलंच. शिवाय डागडुजी किती, नवे भाग कोणते, तेही पैसे देण्याआधी लिहून मागायचं. तोंडी अठरावं शतक मला फुकट मिळालं होतं.

मेज घरीच आहे. खण अजून अडकतो.