शिवराईवरचा हिरवा रोग: सोडा, सिलिका जेल आणि साताऱ्याचा पावसाळा

जुन्या नाण्यावरचा सगळाच हिरवा रंग वाईट नसतो. हे आधीच सांगतो, कारण या एका गैरसमजापायी चांगली चांगली नाणी चिंच लावून घासली जातात. नाण्याला घट्ट धरून बसलेला, गुळगुळीत, गडद हिरवा किंवा तपकिरी थर म्हणजे पॅटिना. शिवराई म्हणजे शिवाजी महाराजांनी सुरू केलेलं तांब्याचं नाणं. तिच्या एका बाजूचं 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूचं 'छत्रपति' कित्येकदा त्या थरातच शाबूत राहिलेलं असतं. चिंच, लिंबू, व्हिनेगर लावलं की थर जातो आणि त्याच्याबरोबर अक्षरंही जातात. नाणं चकचकीत होतं खरं, पण वाचायला काही उरत नाही.

घातक असते ती फिकट पोपटी भुकटी. ती ठिपक्याठिपक्यांनी उगवते, बोट लावलं की पिठासारखी सुटते आणि खाली बारीक खड्डा दिसतो. यालाच ब्राँझ डिसीज म्हणतात. तांब्याची शिवराई असो की काशाचं प्राचीन नाणं, रोग तोच. मिठातलं, मातीतलं, घामातलं क्लोराईड धातूत शिरून तांब्याचा क्षार बनवतं. त्या क्षाराला दमट हवा मिळाली की भुकटी तयार होते आणि सोबत हायड्रोक्लोरिक आम्लही. ते आम्ल पुन्हा तांबं खातं, आणि हे चक्र आपोआप थांबत नाही. आमच्या शिवराया देवघरातल्या. वर्षानुवर्षं पंचामृत, हळदकुंकू आणि हाताळणी झालेल्या. त्यात साताऱ्याचा पावसाळा!

उपाय म्हणून सोडियम सेस्क्विकार्बोनेटचं पाच टक्के द्रावण वापरलं. एक लिटर पाण्याला साधारण 23 ग्रॅम कोरडा धुण्याचा सोडा आणि 19 ग्रॅम खाण्याचा सोडा. धुण्याचा सोडा खड्यांचा असेल तर 63 ग्रॅम घ्यावा लागतो, कारण खड्यांत पाणीच जास्त असतं. पाणी डिस्टिल्डच हवं. साताऱ्याला येणारं कास तलावाचं पाणी कितीही गोड असलं तरी नळाला ते क्लोरीन घालूनच येतं, आणि आपण क्लोराईडच काढायला बसलोय.

भिजवण्याआधी भिंगाखाली बाभळीच्या काट्याने भुकटी अलगद उचलायची. तारेचा ब्रश नको, सुई नको. काट्याचं टोक तांब्यापेक्षा मऊ, त्यामुळे ओरखडा पडत नाही, आणि टोक बोथट झालं की नवा काटा. हे काम मला फार आवडतं. 'छत्र'च्या वळणात अडकलेला एक कण सुटला की खालची रेघ दिसते, आणि तेवढ्यासाठी अख्खी दुपार गेली तरी चालते.

द्रावण सुरुवातीला आठवड्याला बदलत गेलो, नंतर जास्त दिवसांनी. हे काम महिन्यांचं आहे. बहुतेक नाण्यांवरचे ठिपके थांबले. पण या पद्धतीत एक उणीव आहे: सोडा पॅटिनाही थोडाथोडा खातो. एका दुदांडी (दोन दांड्यांची खूण असलेल्या) शिवराईच्या कडेला निळसर झाक आली आहे. सोडा आणि तांबं मिळून होणाऱ्या क्षाराची. म्हणून ज्या नाण्यावर भुकटी नाही, ते या द्रावणात घालूच नये.

खरा गुण आला तो कोरड्या डब्याने. हवेतली आर्द्रता 42 टक्क्यांच्या खाली असेल तर हा रोग जवळजवळ झोपून राहतो. ऐन श्रावणात आमच्या माडीवर हायग्रोमीटर 80 च्या वर दाखवत होता. हवाबंद डबा, तळाला सिलिका जेल (ओल शोषणारे दाणे) आणि आत तोच छोटा हायग्रोमीटर एवढ्यावर आकडा 35 च्या आसपास राहिला. निळं जेल गुलाबी झालं की ओव्हनमध्ये तापवून पुन्हा वापरता येतं. मात्र त्या निळ्या रंगात कोबाल्ट असतं, म्हणून खाण्याच्या भांड्यांपासून लांब ठेवा. पीव्हीसीच्या पाकिटांतली नाणी तेवढी आधी बाहेर काढा, त्या प्लास्टिकमधूनच क्लोराईड सुटतं.

रेनेसान्स वॅक्स हे संरक्षक मेण शेवटी लावलं. हाताळताना बोटांचा घाम लागत नाही, रंगही खुलतो. पण आत क्लोराईड राहिलं असेल तर नुसत्या मेणाने काही होत नाही. बेन्झोट्रायझोल घरात आणलंच नाही. ते तांब्याचा गंज रोखणारं, पण संग्रहालयाच्या प्रयोगशाळेत हातमोजे घालून वापरायचं रसायन आहे, लेकरंबाळं असलेल्या घरात नको.

बरं झालं की नाही हे बघायला नाणं ओल्या कापसाशेजारी बंद डबीत एक दिवस ठेवा, कापूस नाण्याला टेकू न देता. पोपटी ठिपका आला तर पुन्हा द्रावणात. खर्च बेताचा असेल तर आधी डबा, जेल आणि हायग्रोमीटर घ्या, सोडा नंतर.

हे सगळं घरातल्या, वडिलोपार्जित नाण्यांसाठी. वाड्याचा पाया खणताना नाणी निघाली तर दहा रुपयांवरच्या ठेव्याची खबर कलेक्टरला देणं 1878 च्या कायद्याने बंधनकारक आहे. आणि ती मातीसकटच दाखवा, धुऊन नेऊ नका. कुठल्या थरात, कशाबरोबर सापडली हे त्या मातीवरूनही कळतं.