स्पेनची चांदी, फ्रान्सची कातडी

स्पेनला चांदी हवी होती. १५४५ मध्ये ती आजच्या बोलिव्हियातल्या पोतोसीच्या डोंगरात सापडली. पुढे ‘मिता’ या सक्तीच्या पाळीने अँडीज पर्वतातल्या गावागावांतून माणसं खाणीवर जुंपली गेली. चांदी वेगळी करताना पाऱ्याची वाफ छातीत जायची ती निराळीच.

फ्रेंचांचं गणित वेगळं. शाम्प्लँ या फ्रेंच दर्यावर्दीने १६०८ मध्ये आजच्या कॅनडात क्यूबेक वसवलं, पण युरोपातल्या टोप्यांसाठी बीव्हर या केसाळ पाणप्राण्याची कातडी आणणार कोण? तिथले मूळ रहिवासी, वेंडाट आणि इनू लोक! तिथे हुकूम चालेना. भाषा शिका, नजराणे द्या, त्यांच्या भांडणात उतरा. १६०९ मध्ये शाम्प्लँने त्यांच्या शत्रूंवर, मोहॉक लोकांवर, बंदूक चालवली आणि वैर ओढवून घेतलं. फ्रेंच मवाळ होते असं मात्र नाही. सां-दोमिंगमध्ये, म्हणजे आजच्या हैतीत, साखरेसाठी आफ्रिकी गुलामांना त्यांनीच पिळून काढलं.