सायलेन्सरचं तोंड चकाचक करून देणाऱ्यांपासून जपून

सिंहगड रोडच्या सोसायट्यांमध्ये सुट्टीच्या दिवशी सकाळी दोन पोरं फिरतात. एकाच्या गळ्यात कुठल्याशा 'कार केअर'चं ओळखपत्र, दुसऱ्याच्या पाठीला सॅक आणि हातात बादली. सायलेन्सरची काळी पडलेली तोंडं शोरूमसारखी करून देतो, वर सिरॅमिक कोटिंग, दोन वर्षं गॅरंटी. एका तोंडाचे नऊशे. माझ्या गाडीला मागे दोन तोंडं, म्हणून अठराशेचे 'काका, तुमच्यासाठी' पंधराशे झाले. मिळालं काय, तर आधीपेक्षा वाईट सायलेन्सर. आमच्या सोसायटीत माझ्यासारखे आणखी बरेच जण आहेत, म्हणून सविस्तर लिहितोय.

सुरुवात पांढऱ्या फडक्याने होते. पोरगं नळीत बोट फिरवतं आणि काळं फडकं आपल्या नाकासमोर धरतं. "बघा काका, इंजिन आतून चोक झालंय." मग कार्बन काढायची बाटली पुढे येते, तिचे पैसे वेगळे. बाटली मी घेतली नाही, शेजाऱ्यांनी घेतली. खरं तर कुठल्याही पेट्रोल गाडीच्या नळीत बोट घातलं तर ते काळं होणारच. थंड इंजिन सुरू होताना पेट्रोल जास्त ओढतं, ते पूर्ण जळत नाही, त्याची काजळी नळीला बसते. घरापासून स्वारगेटपर्यंत सिग्नलला थांबत थांबत जाणारी गाडी धड गरम होण्याआधीच बंद होते, मग काजळी साठत जाते. डायरेक्ट इंजेक्शनच्या, म्हणजे पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या, टर्बो पेट्रोल गाड्यांत ती आणखी जास्त. कोरडी काजळी दिसली म्हणून घाबरायचं कारण नाही. ती ओली, तेलकट लागली तर इंजिन ऑइल जळतंय का, हे मेकॅनिकला विचारावं. आणि डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, असलेल्या बीएस ६ डिझेल गाडीची नळी आतून काळीकुट्ट होत असेल तर मात्र सर्व्हिस सेंटर गाठावं, कारण ती काजळी फिल्टरमध्येच अडायला हवी. पार्किंगमधल्या बाटलीने यातलं काहीच सुधारत नाही.

मग नमुना. पोरगं पांढरी पेस्ट फडक्यावर घेऊन अर्ध्या तोंडावर घासतं. पेस्ट काळी पडते, पुसल्यावर खालून लख्ख धातू दिसतो. हे काम खरं असतं, साधं मेटल पॉलिश असतं ते. (पेस्ट काळी पडली म्हणजे घाण निघाली असं आपण समजतो. नव्याकोऱ्या स्टीलवर घासली तरी ती काळीच पडते.) पण या पॉलिशने एक तोंड नीट करायला अर्धा-पाऊण तास हात मोडेपर्यंत घासावं लागतं. पैसे ठरले की पेस्ट सॅकमध्ये जाते आणि लेबल नसलेली प्लास्टिकची बाटली बाहेर येते.

बाटलीतलं पाणी ब्रशने फासल्याबरोबर घशाला झोंबणारा वास आला. "केमिकल आहे काका, लांब उभे राहा." काजळी सरसर उतरली, तोंड पांढरट चमकायला लागलं. खाली ओघळलेले थेंब पेव्हर ब्लॉकवर पडले आणि तिथे फस्स करून फेस आला. सिमेंटवर असा फेस ॲसिडने येतो. बाथरूमच्या फरशा घासायला आणतो तेच हे, हायड्रोक्लोरिक. प्लेटिंगवाल्यांना जुना क्रोम उतरवायचा असला की तेही हेच वापरतात! सायलेन्सरच्या तोंडावरचा क्रोमचा थर मायक्रॉनभरही जाड नसतो. तो गेला की खालचं निकेल उघडं पडतं, आणि निकेलच्या बारीक छिद्रांतून लोखंड गंजायला लागतं. स्टेनलेस स्टील असलं तरी सुटका नाही, ॲसिडमधल्या क्लोराइडने स्टीलला बारीक खड्डे पडतात.

'सिरॅमिक कोटिंग' म्हणजे चंदेरी स्प्रे. तो फुस्स करून मारला, पुठ्ठ्याने वारा घातला, यूपीआयने पैसे घेतले आणि स्वारी पुढच्या गाडीकडे. पैसे गेले ते नाव ओळखपत्रावरच्या नावापेक्षा वेगळं होतं.

त्यानंतर साताऱ्याला निघालो. खंबाटकी घाट चढल्यावर गाडीत जळक्या रंगाचा वास. खाली उतरून पाहिलं तर चंदेरी थराला फोड आलेले. नखाने खरवडला तर कांद्याच्या पापुद्र्यासारखा सुटून आला, आणि खाली तांबूस गंज. पुण्यात परतल्यावर नाना पेठेत एका ओळखीच्या मिस्त्रींना दाखवलं. ते वाकलेसुद्धा नाहीत. "ॲसिड मारलंय साहेब. आता पॉलिश करून काही होणार नाही, क्रोमच राहिला नाही." पोरांना फोन केला तर "दादा, संध्याकाळी येतो". नंतर नंबर बंद. तोंडं घासून त्यांना उष्णता सोसणारा काळा रंग मारून घेतला. बरी दिसतात, पण क्रोम तो क्रोम.

घरी करायचं तर नळी पूर्ण थंड होऊ द्या. आधी कार शाम्पूने धुवा, चिकट काजळीवर डीग्रीझर (तेलकटपणा काढणारं द्रावण) मारून थोडा वेळ ठेवा, मग ब्रश. उरलेल्या डागांसाठी ॲल्युमिनियम फॉइलचा बोळा पाण्यात बुडवून हलक्या हाताने घासा. ॲल्युमिनियम क्रोमपेक्षा मऊ असतं, त्यामुळे चरे पडायची भीती कमी. भांड्यांची हिरवी घासणी अजिबात लावू नका, तिचे ओरखडे कायमचे राहतात. शेवटी मेटल पॉलिश आणि सुकं मऊ कापड. काळा रंग दिलेल्या किंवा निळसर तापवलेल्या तोंडावर पॉलिशही नको, नुसता शाम्पू.

आणि बाहेरच्याकडून करून घेणारच असाल, तर नमुना ज्या डब्यातून दाखवला त्याच डब्यातून सगळं काम करायला लावा, समोर उभं राहून. बिनलेबलची बाटली निघाली की काम थांबवा. ॲसिड लागलंच असेल तर लगेच भरपूर पाणी ओता, मग पाण्यात खायचा सोडा कालवून तो फासा आणि पुन्हा धुवा. बंपरवर शिंतोडे उडालेत का तेही बघा. यूपीआयचा स्क्रीनशॉट आणि गेटवरच्या रजिस्टरमधल्या नोंदीचा फोटो ठेवा, ग्राहक हेल्पलाइनला, म्हणजे 1915 वर, तक्रार करताना तेवढाच पुरावा हातात असतो. आमच्याकडे रजिस्टरमध्ये नोंदच नव्हती. वॉचमनला त्यांनी शंभर रुपये दिले होते, हे नंतर कळलं.