छोट्या खोलीतला स्टुडिओ: ६० वॉटचा एलईडी आणि ९० सेंमी सॉफ्टबॉक्स, उन्हाळा-पावसाळा काढल्यानंतर

सेट असा आहे: ६० वॉटचा सीओबी (एकाच चिपवर दाटीने बसवलेल्या दिव्यांचा) एलईडी, ५६०० केल्विन, म्हणजे दिवसाच्या उजेडाच्या रंगाचा, बोवेन्स माउंटचा (सॉफ्टबॉक्स अडकवायची खाच); ९० सेंमीचा अष्टकोनी सॉफ्टबॉक्स, म्हणजे उजेड मऊ करणारी कापडी पेटी; २.८ मीटरचा स्टँड. ट्रिगरसकट (कॅमेऱ्यावरून फ्लॅश उडवणारं यंत्र) एक मॅन्युअल फ्लॅश. दोन थर्माकोल शीट. खोली दहा बाय बारा, छत साडेनऊ फूट. काम नाशिकचं नेहमीचंच, म्हणजे येवल्याच्या पैठण्या, भांडी बाजारातली तांब्या-पितळेची भांडी, वाइनच्या बाटल्या आणि मधूनच घरगुती पोर्ट्रेट.

दुकानात पहिला प्रश्न वॉटचा निघतो. तो खरं तर तिसरा. आधी सॉफ्टबॉक्स केवढा, मग तो सब्जेक्टपासून किती लांब, आणि त्यानंतर वॉट. ९० सेंमीचा सॉफ्टबॉक्स साधारण एक मीटरवर ठेवला तर चेहऱ्यावरची सावली मऊ पडते आणि ६० वॉटमध्ये आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ४००, एफ/४ (लेन्सचं छिद्र), शटर १/१२५ सेकंद असं एक्सपोजर निघतं. भांडी, बाटल्या ट्रायपॉडवर असतील तर आयएसओ १००, एफ/८, १/८ सेकंद. इथपर्यंत तक्रार नाही.

अडतं ते नेसवलेल्या पूर्ण साडीला. लाइट मॉडेलच्या चेहऱ्याच्या उंचीवर, मीटरभर अंतरावर असेल तर निऱ्यांच्या टोकाशी उजेड दोन स्टॉपनं तरी कमी पडतो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा). वर पदर उजळ, खाली काळोख. लाइट मागे, दोन मीटरवर नेला की हा फरक पाऊण स्टॉपच्या आसपास येतो, पण अंतर दुप्पट म्हणजे उजेड एक चतुर्थांश. पुतळ्याला चालतं, शटर लांबवायचं. माणूस हलतो, लहान मूल तर हलतंच. तिथे फ्लॅश लावायचा, किंवा सुरुवातीलाच १५० वॉटचा एलईडी घ्यायचा. फ्लॅशला शटर १/२०० सेकंदापेक्षा वेगवान ठेवू नका, नाहीतर फ्रेममध्ये काळा पट्टा येतो. काही कॅमेऱ्यांची मर्यादा १/१६० आहे, मॅन्युअलमध्ये बघून घ्या.

पैठणीवाल्यांनी एक गोष्ट नीट बघावी. खोक्यावर सीआरआय (त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९५ छापलेलं असतं, पण तो आकडा आठ फिक्या रंगांची सरासरी आहे. गडद लाल त्यात येतच नाही, त्याचा आकडा वेगळा असतो: आर९. स्वस्त लाइटमध्ये नेमका तोच पडका. कुंकवासारखा लाल काठ मग विटकरी दिसतो, आणि व्हाइट बॅलन्स (कॅमेऱ्यातली रंग जुळवायची सेटिंग) कितीही फिरवला तरी नीट होत नाही, कारण तो लाल उजेडातच कमी असतो. आर९ चा आकडा ९० च्या वर असेल तरच घ्या. दुकानदाराला सांगता येत नसेल तर लाल काठाची साडी सोबत न्या, आधी दाराबाहेर सावलीत आणि मग त्या लाइटखाली एकेक फोटो काढा, दोन्ही वेळा ग्रे कार्ड (रंग जुळवायचं राखाडी कार्ड) धरून. खोलीतली ट्यूब मात्र बंदच ठेवायची. ती ६५०० केल्विनची, हा ५६०० चा. अर्धा काठ निळसर येतो. भिंतीला पिस्ता रंग असेल तर तोही साडीवर उतरतो, तिथे पांढरा पडदा लावा.

जरीला समोरून उजेड दिला की ती सपाट पिवळी दिसते. बाजूने, तिरका द्या. पितळेच्या घागरीत अख्खी खोली दिसते, फोटो काढणाऱ्यासकट. तिथे सॉफ्टबॉक्सपुढे हातभर अंतरावर ट्रेसिंग पेपर ताणून लावला की चमक मऊ उतरते. बाटलीला कडा हव्या असतील तर दोन्ही बाजूंना काळा कागद उभा करा. पांढऱ्या छतावरून परतणारा उजेड कमी करायलाही काळं कापडच कामाला येतं. छोट्या खोलीत उजेड अडवणं हेच निम्मं काम आहे.

आता झिजण्याबद्दल. लाइट आणि सॉफ्टबॉक्स मिळून वजन पुढे झुकतं. टिल्टची खुंटी महिन्या-दोन महिन्यांत सैल होते आणि सॉफ्टबॉक्स हळूहळू मान टाकतो. स्टँडचा एक पाय लाइटच्या दिशेला आणि मागच्या पायावर पाच किलो वाळूची पिशवी, यात तडजोड नको. सॉफ्टबॉक्स छत्रीसारखा उघडणारा घ्या. सुट्या काड्यांच्या प्रकारात खिशांच्या टोकांची शिवण आधी उसवते. (बॅगा शिवणारा दहा मिनिटांत जाड दोऱ्यानं पक्की करून देतो.) पावसाळ्यात दमट असताना घडी घातली की आतला चंदेरी थर चिकटून सोलवटतो. बोवेन्स कंपनी २०१७ मध्ये बंद पडली, तरी तिचं माउंट बहुतेक सगळे देतात, त्यामुळे पुढे लाइट बदलला तरी सॉफ्टबॉक्स फुकट जात नाही.

मे महिन्यात लाइटच्या आतल्या पंख्याचा आवाज वाढतो. व्हिडिओत माइक जवळ असेल तर ऐकू येतो, फोटोला फरक नाही. मागच्या जाळीतली धूळ ब्लोअरनं काढत राहा, गरम झाला की लाइट आपोआप मंदावतो. वीज गेल्यावर इन्व्हर्टरवर चालतो, पण स्क्वेअर वेव्हवाला इन्व्हर्टर असेल तर गुणगुण आणि थरथर दोन्ही येण्याची शक्यता असते. प्युअर साइन वेव्हवर, म्हणजे घरच्या विजेसारखीच वीज देणाऱ्या इन्व्हर्टरवर, असं काही होत नाही.